लॉग पाठवा!

कंपनीतलं चॅट बंद पडलं की निम्मी माणसं खुशीत कामाला लागतात आणि उरलेली सर्व्हरकाकांच्या टेबलाभोवती जमतात. काकांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात असतं. वय पंचेचाळिशीच्या पुढे, लॅपटॉपच्या पाठीवर रंग उडालेला पेंग्विन आणि पडद्यावर कायम एक काळी खिडकी. पुण्याच्या आयटीत असे काका हिंजवडीलाही भेटतात आणि खराडीलाही.

"काका, चॅट चालत नाहीये."

"चालत नाही म्हणजे नक्की काय होतं?" काका मान वर करत नाहीत.

या प्रश्नावर नवखी पोरं गारद होतात. चालत नाही म्हणजे चालत नाही, आणखी काय व्हायचं? पण काकांच्या लेखी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पलीकडच्या यंत्राने 'इथे कोणी नाही' असं निदान सांगितलेलं असतं. दुसऱ्यात उत्तरच येत नाही, आणि तेव्हा संशय बहुधा फायरवॉलवर जातो. मग दुसरा प्रश्न येतो : "काय बदललंस?" या प्रश्नाला आजवर सगळ्यांनी एकच उत्तर दिलंय : "काहीच नाही." काका शांतपणे 'हिस्टरी' कमांड देतात. टर्मिनलवर दिलेल्या कमांड लिनक्स इमानेइतबारे लिहून ठेवतं, त्यामुळे पोराने फायरवॉलला लावलेला हात वर्गातल्या चुगलखोर मुलाने सांगावा तसा उघडा पडतो.

'रीस्टार्ट करून बघू का?' असं त्यांना कधीही विचारू नये. रीस्टार्टने चॅट सुरू होईल हे त्यांना मान्य आहे. पण मग बिघडलं काय होतं हे कळायचं राहून जाईल, आणि चॅट बंद असण्यापेक्षा काकांना त्याचं दुःख जास्त! 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' म्हटल्यावर हिरवा ठिपका दिसला की पोरं टाळ्या देतात. काका म्हणतात, "प्रोग्राम जिवंत आहे, एवढंच कळलं. तो कुणाचं ऐकतोय ते 'एसएस'ला विचार." आणि खरोखर, कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीपायी सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे फक्त आपल्याच यंत्राकडे कान लावून बसलेला सापडतो. बाहेरच्यांनी ६६६७ क्रमांकाच्या पोर्टवर कितीही कडी वाजवली तरी 'इथे कोणी नाही' एवढंच उत्तर.

त्यांची लाडकी केस मात्र घड्याळाची. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरचा सेल संपतो, वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि चॅटचा प्रोग्राम सर्व्हरचं सर्टिफिकेट पाहून म्हणतो, हे अजून लागूच झालेलं नाही. माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. औषध असतं घड्याळजीकडे मिळणारा सीआर२०३२ सेल. याच्या उलट प्रकार ३० सप्टेंबर २०२१ रोजी झाला. लेट्स एन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटांना आधार देणारं एक जुनं मूळ सर्टिफिकेट त्या दिवशी संपलं आणि जुन्या ओपनएसएसएलवर चालणारी कित्येक यंत्रं चांगल्या सर्व्हरांनाही दारातून परत पाठवू लागली. काका ही तारीख एखाद्या सणासारखी सांगतात.

भक्ती म्हणाल तर ती आयआरसीवर. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेली ही गप्पांची सोय अजून चालू आहे, आणि तिच्यानंतर जन्मलेली किती चॅट तिच्या आधी गेली याची यादी काकांना तोंडपाठ आहे. १९९३ साली लिहिलेल्या तिच्या नियमांत एका संदेशाला ५१२ बाइट दिले आहेत, तेही शेवटचे दोन अदृश्य बाइट धरून. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. नुसतं 'नमस्कार' म्हणायला २१ लागतात. त्यामुळे लांबलचक मराठी वाक्य कधी कधी अक्षराच्या मध्येच तुटतं आणि शेपटाला प्रश्नचिन्ह लागतं. एका मुलीने यावर उपाय विचारला, तर काका म्हणाले, "कमी बोल." पुणेरी टोमण्याला ५१२ बाइट भरपूर झाले, हे खरंच आहे.

गंमत अशी, की चॅटसाठी एवढा जीव टाकणारा हा माणूस स्वतः चॅटवर बोलत नाही. दूरच्या एका सर्व्हरवर त्यांचा इरसी हा आयआरसीचा प्रोग्राम अहोरात्र चालू असतो. डझनभर चॅनेलांत त्यांचं नाव दिसतं आणि सगळीकडे ते मूक असतात. अधूनमधून सर्व्हर 'पिंग' म्हणतो, त्यांचा प्रोग्राम 'पाँग' म्हणतो, संवाद तेवढाच. लाइन तुटून परत जोडली तर कळतं, की त्यांचं नाव आधीच कुणीतरी घेतलंय. तो कुणीतरी म्हणजे सर्व्हरला अजून जिवंत वाटणारे जुने काकाच. मग नावांची नोंद ठेवणाऱ्या निकसर्व्हला 'घोस्ट' कमांड देऊन ते स्वतःचंच भूत उतरवतात.

मे २०२१ मध्ये फ्रीनोड या मोठ्या आयआरसी जाळ्याच्या मालकीवरून वाद पेटला. तिथल्या स्वयंसेवकांनी १९ तारखेला राजीनामे देऊन लिबेरा नावाचं नवं जाळं उघडलं आणि त्यांच्यामागे पुष्कळ प्रकल्प तिकडे गेले. काकांना पत्ताच नव्हता. चॅनेल शांत आहे हे त्यांना दिसत होतं, पण ते शांत असण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. एका शिष्याने 'कुणी उत्तर देत नाही' म्हटल्यावर त्यांनी डीएनएस तपासला, पोर्ट तपासलं, सर्टिफिकेट तपासलं. कनेक्शन ठणठणीत होतं. माणसं तेवढी निघून गेली होती.

तेव्हा काकांकडे जाणार असाल, तर मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरपा फोटो पाठवू नका. 'जर्नलसीटीएल'मधला मजकूर कॉपी करा, त्यातले पासवर्ड पुसा, उबुंटू की फेडोरा आणि कुठली आवृत्ती ते लिहा, काय बदललं ते खरं सांगा. काम झाल्यावर 'थँक्यू काका' जरूर लिहा, फक्त उत्तराची वाट पाहू नका.