अकरा महिन्यांचा कावळा

तळवड्यात रूम हवी असेल तर आधी कावळ्याला भेटावं लागतं. म्हणजे आपण भेटायला जायची गरज पडत नाही, तोच भेटतो. पाठीवर सॅक, एका हातात बादली, बादलीत टेबलफॅन, असा माणूस कॅनबे चौकात शेअर रिक्षातून उतरला रे उतरला की विजेच्या तारेवरून आवाज येतो, ‘रूम पाहिजे का, साहेब? फॅमिली का बॅचलर?’ साहेब मान वर करेपर्यंत कावळा खाली आलेला असतो आणि बादली त्याच्याकडे गेलेली असते.

कॅनबे नावाची कंपनी कॅपजेमिनीने २००७ च्या सुमारास विकत घेतली. इमारतीवरची पाटी बदलली, चौकाचं नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. कावळ्याचं या चौकावर प्रेम आहे ते त्यामुळेच. ‘कंपनी जाती, पत्ता ऱ्हातो,’ हे त्याच्या धंद्याचं पहिलं सूत्र.

गोष्टीतली मंडळी शहरात राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली. आटपाट नगरात कामधंदा उरला नाही, घनदाट अरण्याचं प्लॉटिंग झालं, राजाचं अर्धं राज्य जावयांमध्ये वाटून संपलं. इकडे चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना, भोसरीच्या जॉबवर्कवाल्यांना आणि तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कला माणसं हवी होती. १९९७ साली तळवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, ज्वारीच्या रानात पत्र्याच्या शेड आल्या, गोठ्यांच्या जागी दहा बाय दहाच्या खोल्या झाल्या. खोल्या मालकांच्या, माणसं परगावची. दोघांच्या मधे जी जागा उरली, तिथे कावळा बसला.

त्याची जुनी कथा उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. घर शेणाचं होतं, एका पावसात वाहून गेलं. दुसऱ्या कुणी ही नामुष्की लपवली असती, कावळा पार्टीला आधी तीच ऐकवतो. ‘साहेब, मी सोता भिजलोय. गळकी रूम मी कुणाला देनार नाय.’ मग तो जी रूम दाखवतो ती गळते, पण ते जूनमध्ये कळतं आणि टोकन मार्चमध्ये दिलेलं असतं.

घराण्यातच धंदा आहे. चुलतभाऊ पूर्वी माठात खडे टाकून पाणी वर काढायचा. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला पाणी एक दिवसाआड झालं, तेव्हा त्याने टँकर घेतला. आता तो फक्त दर वर काढतो. मामाने कोल्ह्याच्या गोड बोलण्याला भुलून गाण्यासाठी चोच उघडली आणि तोंडचा घास घालवला. तेव्हापासून कुटुंबात दंडक आहे की घास आधी गिळायचा, गाणं मग. म्हणून कावळा टोकन खिशात टाकल्याशिवाय रूमचा पत्ता सांगत नाही.

कावळ्याला बुबुळ एकच असतं आणि ते तो हवं त्या डोळ्यात फिरवतो, असं जुनी माणसं सांगायची. धंद्यात त्याचा फार उपयोग होतो. मालकाशी बोलताना त्याला भाडेकरूचे दोष दिसतात, भाडेकरूशी बोलताना मालकाचे. दलाली मात्र दोन्ही डोळ्यांची, एकेका महिन्याची.

त्याचं गिऱ्हाईक पाहिलं की चांदोबाचे जुने अंक आठवतात. सातही बुटके ज्योतिबानगरच्या वर्कशॉपमध्ये लागलेत. पूर्वी खाणीत हिरे फोडायचे, आता लेथवर बुश काढतात. कावळ्याने सातांना मिळून एक वन आरके दिली. ‘सात जण मावणार कसे?’ थोरल्या बुटक्याने विचारलं. ‘मावायचं कशाला? फर्स्टवाला उठला की नाइटवाला झोपनार. शिफ्ट तुम्हाला हाय तशी गादीला लावायची.’ गुरुवारी लाइट नसते, वर्कशॉप बंद, सातही जण घरी. त्या दिवशी दोघांनी जिन्यात झोपायचं असं तोंडी ठरलंय. खालच्या गाळ्यात हिमगौरीने मेस काढली आहे. जेवण चांगलं असतं, फक्त सफरचंद मिळत नाही.

लाकूडतोड्याची अट होती की रूम नदीकाठी हवी. शेजारी देहू, आणि तुकोबांच्या गाथा जिने तेराव्या दिवशी कोरड्या परत केल्या ती ही इंद्रायणी. एवढ्या सचोटीच्या नदीवर त्याचा पूर्ण भरवसा. कावळ्याने ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून पाचशे रुपये वाढवून घेतले. पाण्यावर एवढा पांढरा फेस असताना देवी वर येणार कुठून, हा प्रश्न लाकूडतोड्याला करारावर सही केल्यानंतर पडला. ‘पावसाळ्यात फेस जातो,’ कावळा म्हणाला, ‘तवर कुऱ्हाड पाडू नका.’

राक्षसाला रूम मिळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्याचे सुळे, शिंगं, रात्री-बेरात्री येणं, कशालाच हरकत नव्हती. कंपनीत सिक्युरिटीला आहे म्हटल्यावर मालकीणबाई उलट खूश झाल्या. नडला तो पोपट. ‘पाळीव प्राणी चालणार नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘अहो, माझा जीव आहे त्याच्यात!’ राक्षस काकुळतीला आला. ‘सगळे असंच म्हणतात हो,’ बाई म्हणाल्या. शेवटी पिंजरा कावळ्याकडे ठेवायचं ठरलं. तेव्हापासून राक्षसाचं भाडं एक तारखेच्या आत येतं.

कावळ्याची खरी विद्वत्ता मात्र रेड झोनमध्ये दिसते. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचं वर्तुळ आहे. त्यात बांधकामाला बंदी आहे आणि घरं मात्र दाटीवाटीने उभी आहेत. रूपीनगर त्यात, तळवड्याचाही काही भाग त्यात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याच्या निम्म्यात लोक तीन मजले चढवतात आणि चौथ्यासाठी सळया वर सोडून ठेवतात. शेतजमिनीचे तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदी कायदा झाला. पुढे तुकडेही पडले, कायदाही राहिला, दोघं भाऊबंदांच्या सलोख्याने एकाच सातबाऱ्यावर नांदत आले. कुणी बिचकत विचारलंच, तर कावळा रामायणात शिरतो. ‘साहेब, सीतामाई रेषेच्या आत होती तवर तिला कुनी हात लावला का? आपला प्लॉट रेषेच्या पार आतमधी हाय.’

तीन डुकरांनी असाच अर्धा गुंठा घेतला. यंदा गवत नाही, काटक्या नाहीत, सगळं पक्क्या विटांचं. लांडगा येऊन बघून गेला, फुंकर मारायच्या भानगडीत पडला नाही. पण २०२५ च्या फेब्रुवारीत शेजारच्या कुदळवाडीत पालिकेचे जेसीबी आठवडाभर फिरले आणि डुकरांची झोप उडाली ती उडालीच. वीट लांडग्याला पुरते, नोटिशीला पुरत नाही. कावळ्याने धीर दिला, ‘काय टेन्शन घ्यायचं नाय. आपल्याकडं नोटरी हाय.’

आणि मग चिऊताई. तिचं घर मेणाचं, म्हणून टिकलं. पुढे ती गेट असलेल्या सोसायटीत टू बीएचकेत गेली, छताला जिप्सम केलं, यथावकाश कमिटीवर आली. त्या पावसाळी रात्री बाळाची अंघोळ, बाळाचं काजळ, बाळाची झोप अशी एकेक सबब सांगून तिने कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं. आता ती सबबी सांगत नाही, नियम सांगते. आधी आधार कार्ड. मग पोलीस पडताळणी. मग कंपनीचं पत्र. मग सामान लिफ्टने नेण्याचे पैसे. मग रात्री दहानंतर पाहुणा नको. मग बॅचलर तर नकोच. नियमावली पहिल्यांदा हातात आली तेव्हा कावळ्याने चोच लावून वास घेतला. ‘काजळाचा येतोय,’ म्हणाला.

तिथेच त्याला धंदा सापडला. गोष्टीत एक दार उघडत नव्हतं, तेव्हा बाहेर एकटा कावळा भिजत होता. शहरात सगळी दारं तशीच झाली आणि बाहेर रांग लागली. आत पोचलेला प्रत्येक जण कडी लावतो आणि मागच्याला कागद विचारतो. कालपर्यंत जिन्यात झोपणारा बुटकासुद्धा फ्लॅट बुक केला की पहिल्या सभेत ‘भाडेकरूंचं काहीतरी करा’ म्हणून ठराव मांडेल. कोणत्या सबबीला कोणता कागद लागतो, एवढं ज्ञान विकून कावळ्याचं उत्तम चाललंय. पितृपक्षात जागा बघायला कुणी येत नाही, धंदा बसतो. पण तो पंधरवडा त्याला घरोघरची निमंत्रणं असतात. वर्षभर दारात उभं न करणारे मालक पानं वाढून ‘ये, ये’ करत गच्चीवर उभे असतात. कावळा जेवता जेवता गच्ची नीट बघून घेतो. वर एक पत्र्याची रूम सहज निघेल, असं त्याचं मत पडतं.

स्वतः तो कुठे राहतो? रेड झोनमध्ये, एका गळक्या खोलीत. घर बांधणं म्हणजे पैसा अडकवणं, असं म्हणतो. खोलीत कोकिळेची पोरं असतात. ती दर हंगामाला ठेवून जाते. डिपॉझिट नाही, करार नाही, कागदाचा तुकडा नाही. कावळा पोरांची फी भरतो, आणि पोरं मोठी होऊन गायला लागली की ती आपली नाहीत हे त्याला नव्याने कळतं. ‘या एका पार्टीत मी दर वर्षी फसतो,’ तो सांगतो आणि पुढच्या हंगामासाठी काड्या गोळा करायला लागतो.

परवा चिऊताई चौकातल्या टपरीवर आली. बाळ इंजिनिअर होऊन जर्मनीला गेलंय, एकटीला टू बीएचके खायला उठतो, भाड्याने देऊन चिंचवडला बहिणीजवळ जावं म्हणते. तिने घसा साफ केला, ‘कावळेदादा, आहात का?’ चहावाल्याने गॅस बारीक केला. रिक्षावाले पुढे सरकले. हा हिशेब बाकी आहे हे सगळ्यांनाच लहानपणापासून माहीत होतं. तिला तासभर तिष्ठत ठेवलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण सुडावर दलाली मिळत नाही. कावळ्याने लगेच स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला आणि वही काढली. ‘लाइट बिल कुनाच्या नावावर? पार्किंग हाय का? बॅचलर चालतील का, ताई?’

चिऊताईने इकडेतिकडे पाहिलं. ‘भाडं चांगलं येणार असेल तर चालतील. कमिटीचं मी बघते.’

सात बुटक्यांचा अकरा महिन्यांचा करार त्याच आठवड्यात संपत होता. ‘मग पार्टी तयार हाय,’ कावळा म्हणाला. ‘सात जण हायेत.’

‘सात?’

‘ताई, उंचीनं कमी हायेत. चौरस फुटात धरले तर चारच भरतात.’