फातोर्ड्याची वारी : गोव्याच्या उळवीकर जावयांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका उळवी, कुंभारवाडा आणि एकूणच जोयडा तालुक्यातल्या अशा नवऱ्यांसाठी आहे, ज्यांच्या बायकोचं माहेर गोव्यात आहे. ‘आमच्याकडे सगळे फुटबॉल बघतात’ असं लग्न ठरताना सासरे सहज बोलून गेले होते. त्या सगळ्यांत मुलगी सर्वांत पुढे, हे लग्नानंतर कळतं. पूर्वज्ञानाची अट नाही. थोडंफार असल्यास ते घरीच ठेवून निघावं.

१. तारीख

आधी पंचांग पाहावं, मग फुटबॉल लीगचं वेळापत्रक. माघात चन्नबसवेश्वरांची जत्रा असते. धारवाड-बेळगावकडच्या बैलगाड्या गावात उतरलेल्या असताना घरची सून टीव्हीवर मडगावच्या फातोर्डा स्टेडियममधल्या गर्दीत दिसली, तर खुलासा तुम्हालाच करावा लागेल. इतर तारखांना ‘सुपारीचं काम आहे’ ही सबब मोसमात एकदाच चालते.

जत्रेचा अनुभव मात्र वाया जात नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलच्या ‘बाउल’ सामन्यांना नवरा-बायको शेकडो मैल गाडी हाकत जातात आणि स्टेडियमबाहेर डिकी उघडून तिथेच शेगडी पेटवतात. तुम्ही हेच बैलगाडीच्या आडोशाला तीन दगडांच्या चुलीवर पाहत मोठे झालात. गर्दीत जेवणं, माणसं न हरवणं आणि हरवलेली शांतपणे शोधणं ही तीन कौशल्यं तुमच्याकडे आहेत. ती पुरेशी आहेत.

२. वाट

कुंभारवाडा, जोयडा, जगलबेट, रामनगर, अनमोड आणि घाट उतरला की मोले. तिथून सावर्डे-कुडचडेवरून मडगाव. वाटेत तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं कदंबकालीन देऊळ ‘जाता जाता’ बघून घेऊ असं सुचवू नये. ते जाता जाता नाही, हे तिला ठाऊक आहे. रेल्वेची हौस असल्यास कॅसलरॉकहून दूधसागरमार्गे मडगावची गाडी मिळते. पण तिच्या वेळा सामन्याच्या नसून रेल्वेच्या असतात.

कितीही लवकर निघालात तरी माहेरी ‘पाच मिनिटं’ थांबावं लागतं. ही पाच मिनिटं प्रवासाच्या वेळेत धरून ठेवावीत. तिकिटं मेव्हण्याकडे असल्यामुळे या थांब्याला पर्याय नाही.

३. गवा

तिचा संघ एफसी गोवा, आणि त्याच्या बोधचिन्हावर गवा आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तुम्ही काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अंगाला राहता, गवा तुमच्या ओळखीचा. म्हणून ‘आमच्याकडे खरे असतात’ हे वाक्य तोंडावर येईल. ते गिळावं. भगव्या-केशरी जर्सीतल्या हजारो लोकांना खऱ्या गव्यांची माहिती नको असते. परतीच्या रात्री रामनगरच्या पुढे मात्र हे ज्ञान कामाला येईल. तिथे रस्त्यात उभ्या असलेल्या गव्याला हॉर्न देऊ नये, दिवा मंद करून थांबावं. त्याला कोणी ऑफसाइड देत नाही.

४. पक्ष

सामना बेंगळुरू एफसीशी असेल, तर नवशिक्याने घाटाच्या माथ्यावरच निर्णय घ्यावा. तुमचं मतदार ओळखपत्र कर्नाटकाचं आहे, ही गोष्ट स्टेडियमच्या दारात कुणी विचारत नाही. तुम्हीही सांगू नये. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या लीगच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने गोव्याला जादा वेळेत १-० असं हरवलं. गोल ११७व्या मिनिटाला राहुल भेके यांचा. भेके मुंबईचे, त्यामुळे अडचणीच्या वेळी महाराष्ट्राकडे धाव घेण्याचीही सोय राहिलेली नाही.

मध्यंतरात म्हादईच्या पाणीवाटपाचा विषय काढू नये. तो लवादाला सुटला नाही, पंधरा मिनिटांत सुटणार नाही.

५. खाणं

बाहेरच्या गाड्यांवर रोस ऑम्लेट आणि चोरीस-पाव मिळतो. शाकाहारी असाल तर मडगावात पातळ भाजी आणि पाव खाऊनच यावं. सासूबाईंनी भरपूर वाढलेलं असूनही हे करावं लागेल, कारण आरडाओरड्यात ते तासाभरात जिरतं.

६. ऑफसाइड

हा नियम बायकोला समजावून सांगायचा नसतो, ती सांगेल ते ऐकायचं असतं. सारांश असा : आपल्या सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागेत. नुसतं तिथं उभं राहणं हा गुन्हा नाही, खेळात लुडबुड केली तर गुन्हा. थ्रो-इनवर हा नियम लागत नाही. लुडबुडीचं कलम जावयांनी विशेष लक्षात ठेवावं.

७. उठू नये

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे. ८५व्या मिनिटाला प्रत्येक नवऱ्याच्या मनात एकच विचार येतो : ‘आत्ता निघालो तर पार्किंगमधून गाडी पटकन निघेल.’ तो कृतीत आणण्यापूर्वी पुढील दाखले वाचावेत.

पहिला दाखला, फातोर्डा, २० डिसेंबर २०१५, चेन्नईयिनविरुद्ध अंतिम सामना. ८७व्या मिनिटाला जोफ्रे यांच्या गोलमुळे गोवा २-१ पुढे. जो नवरा तेव्हा विजयी मुद्रेने गाडीकडे गेला, त्याने ९०व्या मिनिटाची बरोबरी पाहिली नाही आणि त्यानंतरचा स्टिव्हन मेंडोझा यांचा गोलही नाही. चेन्नईयिन जिंकली, ३-२. बाहेर येणाऱ्या बायकोला त्याने हसून ‘झालं ना मनासारखं?’ असं विचारलं असेल, तर पुढचं लिहिण्याची गरज नाही.

दुसरा दाखला, तेच मैदान, ६ एप्रिल २०२५, बेंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा दुसरा सामना. पहिल्या सामन्यातली दोन गोलांची पिछाडी गोव्याने ८८व्या मिनिटाला भरून काढली आणि भरपाई वेळेत सुनील छेत्री यांनी हेडर मारून सगळं संपवलं.

तिसरा दाखला लक्ष्मीकांत कट्टीमणी यांचा. २०१५ची ती बरोबरी गोव्याचे गोलरक्षक असलेल्या कट्टीमणींच्या स्वयंगोलने झाली होती. २० मार्च २०२२ रोजी याच मैदानावर ते हैदराबादकडून उभे होते. पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांनी केरळ ब्लास्टर्सच्या तीन किक अडवल्या आणि संघाला विजेतेपद मिळवून दिलं. शेवटपर्यंत थांबण्याचे हिशेब कधीकधी सहा वर्षांनी फिटतात.

लवकर निघण्याचे परिणाम परदेशातही नोंदलेले आहेत. १९०२ साली पासाडेनातल्या पहिल्यावहिल्या बाउल सामन्यात स्टॅनफर्डचा संघ ०-४९ असा मागे होता आणि आठ मिनिटं शिल्लक असतानाच त्याने हात टेकले. पुढे १९१६पर्यंत तिथे फुटबॉल झालाच नाही. मधल्या वर्षांत आयोजकांनी रथांच्या शर्यती लावल्या. जत्रेमुळे रथाची व्यवस्था आपल्याकडे आधीच असल्याने उळवीकरांना हा धडा घेण्याची गरज नाही.

८. शंका-समाधान

*रोनाल्डो दिसेल का?* २२ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांचा अल नस्र संघ गोव्याविरुद्ध फातोर्ड्यात खेळला आणि २-१ ने जिंकला. रोनाल्डो आले नाहीत. हे नाव घेऊन तिला खिजवू नये. गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिस यांनी केला, हे नाव घ्यावं.

*गोवा हरल्यास काय बोलावं?* मोलेपर्यंत काही नाही.

*जिंकल्यास?* ती सांगेल ते, आणि प्रत्येक गोल पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं.

*मला खरंच आवडायला लागलं तर?* लक्षणं लपवावीत. एकदा तुम्ही स्वतःहून रेफरीला शिवी घातली, की पुढच्या मोसमाची तिकिटं काढणं, सुट्टी जुळवणं आणि गाडी धुणं ही सगळी कामं तुमच्याकडे येतात. मेव्हणा त्याच क्षणाची वाट पाहतो आहे.