तुमचा व्हॉल तिरका आहे
बापूकाका कोणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, चाकाकडे बघून बोलतात. सकाळी दूध घेऊन सायकलवरून फाटकात शिरावं, तर पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून आवाज येतो, "मागचा व्हॉल तिरका आहे." नमस्कार नाही, चमत्कार नाही. बँकेत होते तेव्हा ते चेकवरच्या सह्या ताडून बघायचे. सही जरा कलली की खातेदाराला समोर उभं करायचे. निवृत्तीनंतर खातेदार संपले, नजर राहिली.

कोथरूडमध्ये आता सायकली उरल्यात किती? आमच्या सोसायटीत मोजून नऊ. त्या नऊ सायकलींच्या अठरा व्हॉलांची तब्येत काकांना तोंडपाठ आहे. खिळा, काच, बाभळीचा काटा असल्या पंक्चरांत त्यांना रस नाही. "ते नशीब," म्हणतात. "व्हॉलच्या बुडाशी ट्यूब फाटली, तर ते मात्र कर्तृत्व."

परवा ते कर्तृत्व मी गाजवलं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली आणि व्हॉलच्या मुळाशी बुडबुड्यांची माळ लागली. "हितलं निघत नाय साहेब, ट्यूब टाका." खरंच होतं ते. तिथलं रबर जाड नि उंचसखल, त्यावर ठिगळ सपाट बसत नाही. आज चिकटवलं तर उद्या सुटतं. नवी ट्यूब टाकून घरी आलो तो खुर्चीतून प्रश्न, "मयत कुठंय?"

जुनी ट्यूब हँडलला लोंबत होती. काकांनी ती मांडीवर घेतली, व्हॉलच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबले. नखाएवढी चीर हसल्यासारखी उघडली.

"शेवटची हवा कधी भरली होतीत?"

"गणपतीत."

संक्रांत तोंडावर आली होती. काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच, म्हणजे चेहऱ्याकडे, पाहिलं.

"उपासमार," ते म्हणाले. "हवा कमी असली की टायर रिमला धरून राहत नाही. तुम्ही ब्रेक दाबता, तो जरासा सरकतो. पुन्हा दाबता, पुन्हा सरकतो. ट्यूबही त्याच्याबरोबर निघते. पण व्हॉल जाणार कुठं? तो भोकात अडकलेला. जत्रेत पोरगं पुढे ओढतंय आणि बापाने मनगट सोडलेलं नाही. मग निखळणार काय? खांदा! तुमचा व्हॉल महिनाभर मान वाकडी करून सांगत होता."

मग त्यांनी बोर्नव्हिटाचा डबा आणला. आत चिंचेच्या बोटकांसारखे कापून ठेवलेले व्हॉल, प्रत्येकाच्या बुडाला रबराची टिकली, आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. 'बी-४. भोकाची कड धारदार.' 'वॉचमन. पंप मारताना व्हॉल हलवला.' एका बारीक, लांबुळक्या व्हॉलवर 'विजोड' एवढंच. तो तिसऱ्या मजल्यावरच्या कंप्युटरवाल्या मुलाचा. माझ्या पहिल्या स्कूटरच्या दुप्पट किमतीची सायकल. रिमचं भोक ८ मिलिमीटरचं आणि ट्यूब आणली ६ मिलिमीटरच्या फ्रेंच व्हॉलची. मोठ्या काजात लहान बटण. ८०-९० पाउंड हवा भरल्यावर ट्यूब त्या फटीत फुगून शिरली आणि जिन्याखाली बार निघाला. आठ मजले दिवाळी समजले.

काकांच्या हाताने ट्यूब बसवून घेणं हा सोहळा असतो. आधी रिमच्या भोकाभोवती कापसाचा बोळा फिरवतात. जिथं कापसाचा तंतू अडकला तिथं कुसळ. मग गोल कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा कापूस. (हा कापूस काकूंच्या वातींचा. त्यावर घरात जे बोललं जातं ते पार्किंगपर्यंत ऐकू येतं.) जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा कापून, भोक पाडून व्हॉलवर ओवायचा, कडेला आणि ट्यूबला गादी होते. थोडी हवा भरून व्हॉल आत ढकलायचा, म्हणजे टायरच्या कडेखाली ट्यूब चिमटत नाही, आणि मग हलकेच परत ओढायचा. शेवटी नट. "दोन बोटांनी. पान्याला हात लावाल तर बुडाचं रबर भोकात खेचलं जाऊन जन्मभराचा दुखावा." हे सगळं होईस्तोवर ऑफिसची वेळ टळते, ही बाब वेगळी.

मधेच १८८८ साल येतंच. बेलफास्टच्या त्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, हे काका घरातली गोष्ट असल्यासारखं सांगतात. डनलॉप मूळचा गुरांचा डॉक्टर, यावर त्यांचा विशेष भर. "मुक्या जिवाचं दुखणं ओळखायची सवय होती त्याला."

पंक्चरवाल्याने एकदा हात जोडले म्हणे, "काका, हवा भरायला लोकांना सांगा, पण रोज नका सांगू. आमालाबी पोरंबाळं हायेत."

माझी चीर कापून झाली. काकांनी चिठ्ठीवर बँकेच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'ए-७. लेखक. आळस.' डबा बंद करता करता तळाशी एक काळाकुट्ट, फार जुना व्हॉल दिसला. त्याच्या चिठ्ठीवरचं अक्षर काकांचं नव्हतं. मी उचलून वाचलं. 'हे स्वतः. पान्याने आवळला. लग्नाला महिना झाला होता, पर्वतीपासून चालत आलो.'

काकांनी चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली, डब्याचं झाकण लावलं आणि गेटकडे बघत म्हणाले, "तो बी-२ आला बघा. पुढचा तिरका आहे."