जंगम मालमत्तेची कैफियत

ज्या मुळशी तालुक्याने १९२१ साली, टाटांच्या धरणाखाली आपली जमीन जाऊ नये म्हणून, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, त्याच तालुक्यात शतक पुरते उलटण्यापूर्वी जमीन गुंठ्यागुंठ्याने विकून अंगावर सोन्याचे साखळदंड वागविणारा एक नवा वर्ग उदयास आला. लोकांनी त्यास ‘गुंठामंत्री’ ही पदवी बहाल केली आणि २०१८ साली प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने त्याच्या उत्कर्षाची आणि त्याहून वेगवान अपकर्षाची हकीकत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविली. स्थावर विकणाऱ्यांची अशी सर्वतोमुखी कीर्ती झाली असता, याच तालुक्यात केवळ जंगम मालमत्तेवर, आणि त्यातही दुसऱ्याने वापरून टाकलेल्या, उदरनिर्वाह करणाऱ्या माझ्यासारख्या इसमाची दखल मात्र कोणी घेतलेली नाही. सबब ही कैफियत मी स्वतःच दाखल करीत आहे.

परगावच्या वाचकांच्या माहितीसाठी येथे सांगितले पाहिजे की, हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या शिवारांत राजीव गांधी इन्फोटेक पार्क या नावाने जी काचेची नगरी उभी आहे, ती महसुली दृष्ट्या मुळशी तालुक्यातच मोडते आणि तालुक्याचे ठाणे पौड येथे आहे. ज्या मनोऱ्यांतून साता समुद्रांपलीकडील पेढ्यांचे व्यवहार रात्रंदिवस चालतात, त्यांच्या मुलखाचे तहसीलदार एका भातशेतीच्या गावी बसतात, ही गोष्ट त्या मनोऱ्यांतील बहुसंख्य रहिवाशांना ठाऊक नसते. मला ती ठाऊक होती, कारण आमचे वडील, अण्णा, त्या पौडच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि मी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, एका मनोऱ्याच्या सातव्या मजल्यावर रुजू होतो. माझ्या हुद्द्याचे नाव चार शब्दांचे होते, आणि त्यांपैकी एकाही शब्दावरून मी काय करतो याचा बोध, मी धरून, कोणासही होत नसे. पडद्यावरील एका तक्त्यातील मजकूर दुसऱ्या तक्त्यात ओतावा, तो ओतल्याची नोंद तिसऱ्यात करावी, आणि दर शुक्रवारी प्रकल्पाच्या प्रकृतीचा अहवाल तांबड्या, पिवळ्या किंवा हिरव्या रंगात वरिष्ठांकडे रवाना करावा, असा तो एकूण कारभार होता. तांबडा रंग वापरल्यास बैठक भरते आणि पिवळा वापरल्यास तांबडा का नाही याची चौकशी होते, हे अनुभवाने कळल्यामुळे आम्ही सर्वजण हिरवाच रंग वापरीत असू. प्रकल्प बुडाला त्या शुक्रवारीही तो हिरवाच होता.

अशा अवस्थेत मी राजीनामा दिला. सुटकेपूर्वी तीन महिन्यांची मुदत भरावी लागते, तीही भरली. अण्णांना ही वार्ता सांगितली तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, कारण त्यांच्या मते राजीनामा ही चीज केवळ मंत्र्यांनी खिशात घालून हिंडण्याची असून प्रत्यक्ष देण्याची नव्हेच. “आता करणार काय?” असे त्यांनी विचारले; आणि लोकांच्या जुन्या वस्तू घेऊन, दुरुस्त करून, मोबाइलवर जाहिरात देऊन विकणार, असे मी म्हणताच त्यांनी शांतपणे चष्मा काढून ठेवला. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र व्यवहाराची बाजू तेवढ्यात सांभाळली. “माझा पगार येतोय तोवर तुम्ही काय हवं ते करा,” त्या म्हणाल्या, “पण सामान हॉलमध्ये येता कामा नये.” हा हुकूम कागदोपत्री आजतागायत कायम आहे.

नोकरीतल्या माणसाला हा धंदा हलका वाटतो. परंतु हिंजवडीच्या आसमंतात त्याच्याइतका भरवशाचा धंदा क्वचितच सापडेल, आणि त्याचे मूळ अकरा महिन्यांच्या भाडेकरारात आहे. येथील तरुण मनुष्य अकरा महिन्यांसाठी घर घेतो, त्यात चार महिन्यांच्या पगाराचे सामान भरतो, आणि करार संपता संपता त्यास बंगळूर, हैदराबाद किंवा टोरांटो यांपैकी कोठूनतरी बोलावणे येते. मग पलंग, कपाट, धुलाईयंत्र आणि दोनदाच स्वर काढलेली गिटार हे सर्व रविवारी सायंकाळच्या आत हलविणे त्यास प्राप्त होते, कारण सोमवारी घरमालक किल्ली मागतो. रविवारी दुपारी बारा वाजता ज्या पलंगास तो पोटच्या पोराप्रमाणे भाव सांगत असतो, तोच पलंग सायंकाळी सहा वाजता त्यास संकट वाटू लागतो. मी साधारणतः साडेपाचला जातो. २०२० साली घरून काम करण्याचे फर्मान निघाले तेव्हा तर खोल्याच्या खोल्या रित्या झाल्या आणि त्यांतील सामान मिळेल त्या भावाने गेले, असे या धंद्यातील माझे वडीलधारी लोक आजही भारावलेल्या स्वराने सांगतात.

वस्तूंची पारख मात्र कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, मी काही काळ निव्वळ उमेदवारी केली. तेथील एका वृद्ध घड्याळवाल्याने मला एचएमटीचे मर्म सांगितले. सरकारने २०१६ साली हा घड्याळांचा कारखाना गुंडाळण्याचा निर्णय घेतल्यापासून या घड्याळांच्या चाहत्यांना भरते आले आहे, आणि त्याबरोबरच तबकडी नव्याने रंगवून जुने यंत्र खपविणाऱ्यांनाही. “चकाकतंय ते घेऊ नका, साहेब,” तो म्हणाला, “घड्याळ म्हातारं आणि तोंड तरुण, असं होत नसतं.” पुढचे शिक्षण प्रवासात झाले. कार्यालयीन खुर्ची घेताना तीवर बसून किमान दोन फोन करावेत, म्हणजे तिचा गॅसचा दट्ट्या शाबूत आहे की ती आपल्याला हळूहळू जमिनीशी नेत आहे, हे कळते. धुलाईयंत्राचा ड्रम आत हात घालून चाचपावा. बोअरच्या पाण्याचा क्षार खरबरीत लागतो. आणि कपाट सागवानी नसून पार्टिकल बोर्डाचे असेल तर ते एकदा उकलून पुन्हा जोडताना स्क्रू धरीत नाही, मुळशीचा पाऊस लागला की त्याच्या फळ्या पुरणपोळीसारख्या फुगतात, आणि ताम्हिणीकडून एकदा ढग चढू लागले की छोटा हत्ती नावाच्या टेम्पोवर कितीही ताडपत्री बांधली तरी पाऊस तीतून वाट काढतोच.

एवढी विद्या संपादन करूनही आरंभी माझा माल खपत नव्हता, हे सत्य आहे. ‘जवळजवळ नवी, अप्रतिम स्थिती, केवळ चोखंदळांसाठी’ अशी जाहिरात मी देई, तीवर चहूकडून “अवेलेबल आहे का?” अशी विचारणा होई, आहे म्हणून कळविताच विचारणारा कायमचा अंतर्धान पावे. अण्णा हे सर्व काही दिवस मुकाट्याने पाहत होते. अखेर एका सकाळी त्यांनी तालुका कचेरीतून आणलेली, कोऱ्या पानांची एक लांबट वही काढली, विक्रीस आणलेल्या एका खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या, ती पालथी घातली, आणि पुढीलप्रमाणे मजकूर लिहून माझ्यासमोर ठेवला:

‘मौजे मारुंजी येथून खरेदी केलेली कार्यालयीन खुर्ची, फिरती, नग एक, वर्ण काळा. पाठीची जाळी शाबूत. डावा हात ढिला असून त्यावर भार देऊन उठू नये. बसणाऱ्याचे वजन ऐंशी किलोच्या वर असल्यास खुर्ची दुपारपर्यंत क्रमशः खाली जाते. सबब दुपारनंतर उंचीबाबत तक्रार चालणार नाही. पूर्वीचे मालक बंगळुरास बदलून गेल्यामुळे विक्री. त्यात खुर्चीच्या वर्तनाचा संबंध नाही.’

अशी जाहिरात दिल्यास खुर्ची आमच्याच घरी शेवटपर्यंत राहील अशी माझी खात्री होती, परंतु वडिलांचा मान ठेवून मी ती जशीच्या तशी टाकली. त्याच संध्याकाळी भूगावातून एका तरुणाचा फोन आला. “काका, माझं वजन बासष्ट आहे,” तो अत्यंत गांभीर्याने म्हणाला, “चालेल ना?” चालेल म्हटल्यावर त्याने भाव न करता पैसे दिले, आणि जाताना, हा मजकूर कोणी लिहिला, असे विचारून अण्णांना वाकून नमस्कार केला. तेव्हापासून आमच्या घरातून एकही जिन्नस पंचनाम्याशिवाय बाहेर पडत नाही. फ्रिज असेल तर तो रात्री कोणत्या वेळी घुरघुरतो याची नोंद असते. इस्त्री असेल तर तिने पूर्वी कोणाचा सदरा जाळला याचीही. सातव्या मजल्यावर इतकी वर्षे सर्व काही हिरवे असल्याचे लिहीत बसलो, त्यापेक्षा या एका वहीतील तांबड्या शाईने मला जास्त मिळवून दिले आहे. दोष सांगितला की गिऱ्हाईक वस्तूकडे नव्हे, आपल्याकडे पाहून पैसे देते. आणि तो लपविला की, भले कितीही उतरवा, त्यास भाव चढाच वाटतो.

घासाघीस मात्र पंचनाम्यानेही संपत नाही. पूर्वी गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, त्यात निदान स्पर्शाचा तरी ओलावा होता, हल्लीचे गिऱ्हाईक नमस्काराच्या जागी “लास्ट किती?” असे लिहिते. अण्णा त्यास “प्रथम किंमत वाचावी, अंतिमाचा विचार मागाहून करू,” असे उत्तर पाठवितात. याशिवाय या धंद्यात एक लष्करी अधिकारी वारंवार फोन करतो. तो नेहमी दूर कोठेतरी नियुक्त असतो, वस्तू न पाहताच पसंत करतो, आणि पैसे पाठविण्यासाठी एक चौकोनी क्यूआर धाडून तो स्कॅन करून पिन टाका म्हणतो. यूपीआयमध्ये पैसे देण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, एवढे ज्यास ठाऊक आहे त्याचे काही बिघडत नाही. अण्णांनी एकदा या अधिकाऱ्यास पलटणीचे नाव, हुद्दा आणि तूर्तचे ठाणे यांसह लेखी अर्ज करण्यास सांगितले. त्यानंतर आमच्या भागातील सैन्य मागे घेण्यात आले.

या व्यवसायाला पुण्यात एक थोर पूर्वज आहे, असे मी घरात अधूनमधून सांगतो. दिनकर गंगाधर केळकर घरचा चष्म्यांचा व्यवसाय करीत आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. परंतु त्यांचा जीव जडला तो लोकांनी अडगळीत टाकलेल्या दिव्यांवर, अडकित्त्यांवर, दौतींवर आणि पाय घासण्याच्या वज्रींवर. वीस हजारांच्या घरात गेलेला तो संग्रह त्यांनी अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावे उभा केला आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केला. ज्या पौड रस्त्याने आम्ही पुण्यात शिरतो त्यावरील कोथरूडचा मस्तानीचा महाल तर त्यांनी आपल्या संग्रहालयात नेऊन उभा केला. हे सर्व मी तन्मयतेने सांगत असता सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “त्यांचा वाडा होता ना?” वास्तविक केळकर घेत आणि देत नसत, मी घेतो आणि देतोही, एवढ्या भेदावरून आमच्या घरात त्यांचे नाव काढण्यास मला तूर्त मनाई आहे.

शिवाय तेवढ्या जुन्या वस्तूंच्या वाटेस मी जातही नाही. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांवरील वस्तू ही पुराणवस्तू ठरते आणि तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. मुळशी खोऱ्यातील एका गृहस्थाने मला पितळी समई दाखवून ती पेशवाईतील असल्याचे सांगितले. मी कायद्याचा उल्लेख करताच ती समई त्यांच्या मातोश्रींच्या लग्नात आलेली निघाली. अण्णांना मात्र सर्वांत प्रिय आहे तो वस्तू व सेवा कराचा नियम ३२, पोटनियम ५. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल आणि वस्तूचे स्वरूप बदलले नसेल, तर कर केवळ खरेदी आणि विक्री यांतील फरकावर बसतो. आणि तो फरक तोट्याचा आल्यास सरकार त्याकडे काणाडोळा करते. “नोकरीत तुझ्या तोट्याची एवढी कदर कोणी केली होती का?” असे ते विचारतात.

उत्पन्नाविषयी विचाराल तर ते पगाराच्या निम्म्याला कसेबसे टेकते, आणि पावसाळ्यात तेवढेही नाही. मात्र मी काय करतो हे आता आमच्या शेजाऱ्यांच्या पाच वर्षांच्या मुलासही सांगता येते, आणि ते तो सांगतो.

तेव्हा वाचकांस विनंती की, पौड, पिरंगुट, भूगाव, बावधन, हिंजवडी या पट्ट्यात कोणी बदलून जात असल्यास, किंवा कोणाचा भाडेकरार संपत असल्यास, सामान मोडीत घालण्यापूर्वी अवश्य कळवावे. दोष लपवू नयेत. अण्णा ते शोधून काढतातच, आणि मग भाव त्यांच्या हिशेबाने ठरतो. पार्टिकल बोर्डाची कपाटे ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत स्वीकारली जात नाहीत.