बुगडीची जागा

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून सदर बाजारातली सोनारांची दुकानं फार लांब नाहीत. भोसल्यांच्या राज्यात आलेली काही आणि पुढे नोकरीपायी आलेली काही, अशी इथली मराठी घरं भाजीवालीशी छत्तीसगढीत बोलतात, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडतात. बाळाचे कान मात्र बाराव्या दिवशी सोनाराला बोलावून सोन्याच्या तारेनंच टोचून घेतात. कान सोनारानंच टोचावेत ही म्हण आपण दुसऱ्याला सुनवायला वापरतो. खुद्द सोनाराला मात्र 'हात धुतलेस का बाबा?' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. मुहूर्त विचारतात, सोनं किती कॅरेटचं तेही विचारतात.

सोनाराच्या बाजूनंही थोडं बोलायला हवं. चोख सोनं कातडीला सहसा झोंबत नाही. झोंबतं ते स्वस्तातल्या चकचकीत कुड्यांमधलं निकेल. पाळी खाजते, पाणी धरते आणि आमची आत्या त्याला दृष्ट लागली म्हणते.

यंदा भाचीला 'हेलिक्स' हवं झालं, म्हणजे कानाच्या वरच्या कडेला भोक. घरात गहजब. आजी तेवढी शांत. "तिथं माझी बुगडी असायची," म्हणाली. पेशवाईतले पुरुष भिकबाळी घालायचे तीही कानाच्या वरच्याच भागात. ज्या बंडासाठी भाचीनं कंबर कसली होती, ते पणजोबांच्याही आधी होऊन गेलेलं निघालं. बिचारीचा निम्मा उत्साह तिथंच ओसरला.

डॉक्टरांची हरकत मात्र जागेलाच असते. पाळी मांसल, तिथं रक्त भरपूर. सहा-आठ आठवड्यांत भोक बरं होतं. वरची कड कूर्चेची. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून झिरपेल त्यावर तिचं पोट. आवरणाखाली पू साठला की तिची उपासमार होते, ती विरघळते आणि कान सुकल्या पापडासारखा आक्रसतो. एरवीही इथलं भोक बरं व्हायला सहा महिने ते वर्ष.

पार्लरमधल्या बंदुकीनं तर ही कूर्चा चिरडते. शिवाय बंदुकीचे प्लास्टिकचे भाग १२१ अंशांची वाफ सोसत नाहीत, म्हणून नुसतं पुसून पुढच्या गिऱ्हाइकाचा कान. एकदाच वापरायची पोकळ सुई कधीही बरी. अमेरिकेत ओरेगनमध्ये २००० साली वरचे कान टोचून घेतलेल्या ७ जणांच्या जखमांत सुडोमोनास जंतू सापडला, काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली. हा जंतू दुकानातल्या जंतुनाशकाच्या फवाऱ्यातच मुक्काम ठोकून होता! बाटलीवर लिहिलेलं वाचून निर्धास्त होणाऱ्या माझ्यासारख्यांना हे फार लागतं.

शेवटी भाचीनं टोचणाऱ्याची मुलाखत घेतली, स्थळ पाहावं तशी. सुई नवी का, पाकीट माझ्यासमोर फोडणार का, हातमोजे बदलणार का, कुडी टायटॅनियमची का. तो पास झाला.

खरा पेच घरी आल्यावर. आत्या हळद-खोबरेल घेऊन उभी, कुणी स्पिरिट सुचवतंय. जखमेला हवं असतं नुसतं सलाइन आणि एकांत. एकांत आपल्या घरांत कुठला! जो येतो तो "बघू, बघू" करत कानाला हात घालतो. बिलासपूरची मावशी तर पर्स खाली ठेवायच्या आधीच सरसावली. भाचीनं तिला सरळ मोरीकडे वळवलं आणि हातात साबण दिला.

"कान तुझा टोचलाय की माझा?" मावशी म्हणाली, पण धुतले.