पुढं न्या!

सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आता शहरात १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ठराव करून उठले: २००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य. पुढं १९९१ साली सोव्हिएत संघच दगावला, अल्मा-आताचं अल्माटी झालं, २००० सालही येऊन गेलं. ठराव मात्र ठणठणीत आहे.

त्याची फळं आमच्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत कशी चाखावीत? समजा, रात्री आबांच्या छातीत कळ आली. पहिला तासभर घरातच, ‘गॅस धरला असंल’ म्हणून ओव्याची फक्की. (आरोग्यसेवेच्या या टप्प्यावर एकही पद रिक्त नसतं.) मग १०८. भोकरदनला जिभेखाली गोळी ठेवतात, ईसीजीची पट्टी नातवाच्या हातात देतात आणि सांगतात, ‘‘इथं नाही जमायचं, पुढं न्या.’’ जालन्याहून पुढं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. तालुका, जिल्हा, विभाग. सरकारी फायलीचीही हीच वाट. फक्त फायलीला घाम फुटत नाही. कोविडच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री याच जालना जिल्ह्याचे होते. मंत्री मिळणं सोपं, भूलतज्ज्ञ मिळणं अवघड!

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा माफ. औषध फुकटच असतं, पण कधीकधी ‘शिल्लक नाही’ या प्रकारचं असतं. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिकडच्या बऱ्याच देशांत उपचार कायद्यानं फुकट आणि डॉक्टरांना पाकीट रिवाजानं, अशी सोय निघाली. आपल्याकडे चिठ्ठीवर भागतं: ‘बाहेरून आणा.’

डॉक्टर गावात राहत नाहीत, ही आणखी एक ओरड. ती खोटी आहे. कर्मचारी मुख्यालयी राहतात, असे ग्रामसभांचे ठराव आहेत. त्याशिवाय घरभाडं निघत नाही. रात्री दारावर कुलूप दिसलं तर आपण ठरावावर विश्वास ठेवावा, कुलपावर नाही.

बरं, डॉक्टर आणायचे कुठून? मराठवाड्यातली पोरं एमबीबीएसला त्याच अल्माटीला, बिश्केकला जातात. बाप वावर विकतो, पोरगं उणे वीसच्या थंडीत हाडांची नावं पाठ करतं, परत येऊन पात्रता परीक्षेला बसतं, एकदाचं पास होतं. मग नेमणूक निघते, ती नेमकी हसनाबादसारख्या गावी. दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून कालपर्यंत चावडीवर शिव्या घालणारा तोच बाप सकाळी-सकाळी आमदारांच्या बंगल्यावर हजर: ‘‘साहेब, पोराला जरा पुढं न्या की, जालन्यापत्तुर तरी!’’