बाळ्याचे पप्पा, ओटीपी सांगा

घटस्फोटानंतर आईवडिलांनी एकमेकांशी न बोलता लेकराविषयी बोलत राहण्याच्या पद्धतीला सहपालकत्व म्हणतात. ही पद्धत नवी समजली जाते, पण तिचा अर्धा भाग मराठवाड्यात फार जुना आहे. जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात सुखाने नांदणारी नवराबायकोसुद्धा बरेचदा लेकरामार्फतच बोलतात. नवरा ओसरीवर, बायको चुलीपुढे, मध्ये अंतर सहा हात, आणि निरोप जातो तो असा : "बाळ्या, तुझ्या पप्पाला म्हणावं, भाकरी गार व्हायली." पप्पाने ते ऐकलेले असते. पण बाळ्या येऊन सांगेपर्यंत ऐकल्याचे तो धरत नाही. घटस्फोटाने या व्यवस्थेत एवढाच फरक पडतो की सहा हातांचे अंतर आष्टी ते चाकण एवढे होते आणि बाळ्याच्या जागी मोबाइल येतो.

पूर्वी निरोपाची साधने माणसेच होती. अनेक समाजांत काडीमोड होई : पंचांसमोर गवताची काडी मोडली की नाते मोडले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही कलम २९ मध्ये रूढीने मिळालेल्या घटस्फोटाला हात लावलेला नाही. काडी मोडायला क्षण पुरे, पण लेकराचे पुढे काय, ते काडीला ठाऊक नसे. मग कासार, सोयरीक जमवणारे मामा, एसटीचे कंडक्टर असे लोक कामी येत. कंडक्टरच्या हाती बाळ्याचा स्वेटर निर्धास्त देता येई. निरोप देता येत नसे, कारण स्वेटर होता तेवढाच पोहोचे आणि निरोप वाढून. कासाराबरोबर गेलेला निरोप तर वाटेत चार घरी उतरून, चहा पिऊन पुढे जाई. "लेकराला ताप आहे" हे आष्टीहून निघालेले वाक्य परतूर स्टेशनला लागेपर्यंत "लेकराकडं कुणाचं ध्यान नाही" एवढे झालेले असे. तंत्रज्ञानाचा पहिला फायदा इथेच दिसतो. मोबाइलवरून निरोप जसाच्या तसा जातो. पलीकडे त्याचा अर्थ तोच लावला जातो, पण वाटेत कोणी चहा पीत नाही.

कायद्याला मोबाइलपर्यंत यायला वेळ लागला. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा यांत मुख्य प्रश्न ताबा कोणाचा हाच आहे. पाच वर्षांच्या आतले लेकरू साधारणपणे आईजवळ, हे दुसऱ्याच्या कलम ६ मध्ये आहे. दोघांना मिळून ताबा देता यावा अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात केली. मोबाइलचे नाव निघाले ते जानेवारी २०२० मध्ये. अमेरिकेत संसार थाटलेल्या एका भारतीय जोडप्याच्या वादात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की भेटीच्या हक्कासोबत संपर्काचा हक्कही महत्त्वाचा आहे, त्यासाठी व्हिडिओ कॉल सर्वांत बरा, आणि खास अडचण नसेल तर ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटे लेकराशी बोलता आले पाहिजे.

आष्टीत ही १० मिनिटे कशी जातात ते पाहण्यासारखे आहे. पहिली दोन "दिसतंय का?" आणि "आवाज यायलाय का?" यांत जातात. नंतर बाळ्या मोबाइल गादीवर ठेवून काहीतरी आणायला पळतो आणि पप्पांना चाकणमध्ये बसून आष्टीचा पंखा पाहावा लागतो. मग मागून माजी सासूबाई सूप शोधायला येतात. सूप त्या खोलीत कधीच नसते. त्या माजी जावयाशी बोलत नाहीत, तसे ठरलेले आहे. त्या बाळ्याला म्हणतात, "तुझ्या पप्पाला इचार, जेवले का." पप्पा म्हणतात, "आजीला सांग, जेवलो." अभ्यासाची चौकशी होते, तिला बाळ्या "हो" म्हणतो. शेवटी नवे वासरू दाखवायला तो मोबाइल घेऊन गोठ्यात जातो. गोठ्यात रेंज नसते. चित्र गोठते ते वासराच्या एका कानावर, आणि कॉल तुटेपर्यंत पप्पा त्या कानाकडे पाहत राहतात.

परदेशात या कामासाठी खास ॲप आहेत. जुन्यांपैकी ठळक नाव अवर फॅमिली विझार्ड. ते २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सुरू झाले. त्यात दोघांचे एक कॅलेंडर असते, खर्चाची नोंद असते, आणि कोणी कोणता मेसेज केव्हा पाहिला हे टिपून ठेवलेले असते. शिवाय टोनमीटर नावाची सोय आहे. मेसेज लिहिताना शब्द चढू लागले की ती आधीच सावध करते. मराठवाड्यात हे यंत्र उपाशी मरेल, कारण इथे राग शब्दांत नसतो. तो "बरं" मध्ये असतो. "तुमची मर्जी" हे वाक्य यंत्राला अदबीचे वाटेल, पण त्यावर दोन घरांचे बोलणे दोन वर्षे बंद राहू शकते. उलट "मेलं हे पोरगं ऐकतच नाही" असे आईने लाडाने लिहिले, तर यंत्र लालेलाल होऊन बसेल.

त्याहून मोठी अडचण रचनेतच आहे. अशा ॲपमध्ये लेकराला पालक दोन धरलेले असतात. आष्टीत ते अकरा असतात : आई, वडील, दोन आज्या, दोन आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या, आणि आत्याचे यजमान, ज्यांना कोर्टातले कळते. या अकरांपैकी घटस्फोट फक्त दोघांचा झालेला असतो. बाकीचे नऊ जण अजून लढत असतात.

म्हणून गावात खास ॲप चालत नाही, व्हॉट्सॲप चालते. तिथे पहिला प्रश्न येतो नावाचा. नंबर "अहो" या नावाने जतन केलेला असतो. तो तसाच ठेवणे बरे दिसत नाही. पाळण्यातल्या नावाने ठेवावे तर इतक्या वर्षांत ते तोंडावर आलेले नाही. आडनावाने ठेवावे तर तेच आडनाव बाळ्याचेही. उरते "बाळ्याचे पप्पा". संसार चालू असतानाही चारचौघांत हेच नाव होते, त्यामुळे घटस्फोट मोबाइलला कळत नाही.

मग ग्रुप निघतो : "बाळ्या – शाळा व दवाखाना". पहिल्या दिवशी सदस्य दोन. तिसऱ्या दिवशी मामा येतात, साक्षीला. मामा आले म्हणून काका येतात. आठवड्यात आकडा अकरावर जातो आणि बाळ्याच्या गोवराच्या लसीची तारीख गुलाबाच्या फुलांवरच्या "शुभ सकाळ"खाली गाडली जाते. आत्याचे यजमान प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट काढतात. निळी टिक २०१४ पासून आहे; त्यांच्या मते ती समन्स बजावल्यासारखीच. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, हेही ते सांगतात, आणि त्यात ते चुकत नाहीत. आईवडील कंटाळून दुसरा ग्रुप काढतात, "बाळ्या, फक्त दोघं". हे नाव मावशीच्या नजरेस पडते. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होते की दोघांचे पुन्हा जुळले. तिसऱ्या ग्रुपचे नाव "लसीकरण" ठेवले जाते. तो चालतो, कारण त्यात यावेसे कोणालाच वाटत नाही.

सुट्ट्यांची वाटणी मोबाइलच्या कॅलेंडरवर करावी असे सुचवले जाते. त्यात दर दुसरा शनिवार-रविवार एकदा टाकला की वर्षभर आपोआप उमटतो. पोळा मात्र श्रावणी अमावस्येला येतो. तो वार पाहून येत नाही. त्या दिवशी बाळ्याला पप्पांच्या शेतावर, आजोबांच्या बैलांच्या शिंगांना रंग लावायचा असतो, मग बुधवार का असेना. १९७३ पासून निघणारे कालनिर्णय या कामी मोबाइलपेक्षा उजवे ठरते. आष्टीत चालणारी पद्धत अशी : दुधाच्या हिशोबाशेजारी आई पेन्सिलीने "बा.प." लिहिते, पानाचा फोटो काढते आणि "लसीकरण" ग्रुपवर टाकते. पप्पा अंगठा दाखवतात. तंत्रज्ञान तेवढ्यापुरतेच लागते.

अधिक महिन्यात पेच पडतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, बराचसा उन्हाळी सुट्टीतच. या महिन्यात जावयाला धोंड्याचे जेवण असते. लेकराला न्यायला आलेला माजी जावई या व्याख्येत बसतो की नाही, यावर ना न्यायनिवाडा आहे ना ॲप. घरातली बाई तो प्रश्न सोडवते. बाळ्याच्या डब्यात पुरणाचे चार धोंडे जादा भरले जातात आणि मोठ्याने सांगितले जाते, "बाळ्याला वाटंत लागतील." बाळ्या पुरण खात नाही, हे दोन्ही घरांना माहीत असते.

लेकरू न्यायला येणाऱ्यांनी नकाशावर फार विसंबू नये. महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी नावाचा तालुकाच आहे, वर्ध्याची आष्टी १९४२ च्या लढ्यासाठी ओळखली जाते, गडचिरोलीत एक आहे, सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात एक. पुण्याकडून येणाऱ्याने नुसते "आष्टी" टाकले तर मोबाइल त्याला अहिल्यानगरवरून बीडच्या आष्टीत नेऊन सोडेल आणि "आपण पोहोचला आहात" असे समाधानाने सांगेल. इकडे परतूर तालुक्यातल्या आष्टीत बाळ्या पाठीला दप्तर लावून बसस्टँडवर उभा असतो आणि आई घड्याळाचा फोटो काढून ठेवते.

पैशांचे सोपे झाले आहे. यूपीआय २०१६ मध्ये आले आणि पोटगी, फी, वह्यांचे पैसे समोरासमोर न येता जाऊ लागले. सोबत दोन शब्द लिहायला जागा असते, आणि त्या जागेत एक स्वतंत्र वाङ्मय तयार झाले आहे : "फी", "फी उरलेली", "फी, पावती टाका", "हे शेवटचं". एकाने दुसऱ्याला ब्लॉक केले असेल तर एक रुपया पाठवून त्याबरोबर निरोप लिहिता येतो. देशातली तार सेवा २०१३ मध्ये बंद झाली. तिचे काम आता एका रुपयात होते. कायद्यातल्या आकड्यांनी मात्र जुन्या माणसांचा गोंधळ उडवला. पूर्वी पोटगी म्हणजे कलम १२५ आणि कलम १४४ म्हणजे जमावबंदी. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोटगीचे कलम १४४ झाले. "त्यांच्यावर एकशेचव्वेचाळीस लावलं" असे ऐकून आजोबांनी चार दिवस पारावर जाणे सोडल्यास त्यांचा दोष नाही.

या सर्व साधनांत सहपालकत्वासाठी मुद्दाम न बनवलेले एक साधन सर्वांत प्रभावी आहे, ते म्हणजे ओटीपी. बाळ्याचे आधार तो तान्हा असताना काढलेले असते आणि त्याला पप्पांचा नंबर जोडलेला असतो. सहा-सात वर्षांनी आई शाळेच्या कुठल्याशा कामासाठी सेवा केंद्रात येते. मागे सातबारावाले, उत्पन्नाच्या दाखल्यावाले अशी रांग.

"ताई, ओटीपी आला असंल."

"माझ्याकडं नाही येत. बाळ्याच्या पप्पाकडं जातो."

"मंग लावा की फोन."

दोघांमधला फोन आठ महिन्यांनी लागतो. रांग शांत होते. सातबारावाला तर श्वासही जपून घेतो.

"हॅलो."

"हं."

"ओटीपी आला का?"

"कशाचा?"

"बाळ्याचा."

पलीकडे यंत्रांचा आवाज असतो. पप्पा आकडे एकेक करून सांगतात, आई मोठ्याने म्हणते, केंद्रातला मुलगा टाइप करतो. "ताई, टाइम संपला. दुसरा येईल." दुसरा येईपर्यंत फोन ठेवावा की चालू ठेवावा, हे दोघांनाही ठरवता येत नाही. त्या रिकाम्या वेळात खोकल्याची बाटली संपल्याचे कळते. दुसरा ओटीपी ऐकताना तीन आणि तेरा यांत घोळ होतो. तिसऱ्याची वाट पाहताना बाळ्याची चप्पल एक नंबराने वाढल्याचे आणि त्याला गणित अवघड जात असल्याचे कळते. तिसरा बरोबर बसतो. रांगेतला एक जण "जमलं" म्हणतो, आणि नेमके काय जमले हे कोणी विचारत नाही. आधारला जोडलेला नंबर बदलता येतो, आणि तशी पाटीही केंद्रात लावलेली आहे. आई दर वेळी ती वाचते. बदलायचे राहून जाते.

ही व्यवस्था बाळ्याच्या अठराव्या वर्षापर्यंत चालते. त्या दिवशी ताब्याचा प्रश्न कायद्याने संपतो, आणि त्याच वयापासून स्वतःच्या नावावर सिम घेता येते. बाळ्या आधारला स्वतःचा नंबर जोडतो. चाकणला ओटीपी जाणे बंद होते. "लसीकरण" ग्रुप मात्र कोणी मोडत नाही. बाळ्याला त्यात घेतात आणि ॲडमिन करतात. त्यानंतर आईचा पहिला मेसेज येतो : "बाळ्या, तुझ्या पप्पाला म्हणावं, कॉलेजच्या फीची पावती टाका." पप्पा त्याच ग्रुपमध्ये असतात. टिका निळ्या होतात, उत्तर येत नाही. बाळ्या मग खाली लिहितो, "पप्पा, मम्मी म्हणती, पावती टाका." लगेच अंगठा येतो.